प्राणवायूविना तगणारे जीव

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवत राहिले. त्यांच्या स्मृतीला शोभावा म्हणून मी आज शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात उरकला जाणारा विषय घेतला आहे. प्राण्यांना जगायला ऑक्सिजन लागतो, हे ते वाक्य. वाक्य खरे आहे. पण भोवतालचा ऑक्सिजन पूर्ण संपल्यावरही काही प्राणी तीन-तीन, चार-चार महिने जिवंत राहतात, हेही तितकेच खरे आहे. आणि हे प्राणी म्हणजे केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीव नाहीत. त्यांत मासे आहेत, कासवे आहेत. आपल्यासारखाच कणा, हृदय आणि मेंदू असलेले हे प्राणी आहेत.

ते का जगतात हे समजायला आधी आपण का मरतो ते पाहावे लागेल. माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्यातला सुमारे 20 टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. एवढी ऊर्जा जाते कुठे? विचार करण्यात जाते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिचा मोठा वाटा एका रटाळ कामावर खर्च होतो. चेतापेशीच्या आवरणातून सोडियम सारखा आत झिरपत असतो आणि पोटॅशियम बाहेर. आवरणातले पंप सोडियम पुन्हा बाहेर काढतात, पोटॅशियम पुन्हा आत घेतात. रात्रंदिवस हेच चालू असते. ऑक्सिजन तुटला की पेशीतले एटीपी, म्हणजे या पंपांना चालवणारे इंधन, बघता बघता संपते. पंप थांबतात, पण झिरपणे थांबत नाही. मग सगळा तोल एकदम ढासळतो. पेशी ग्लुटामेट नावाचे रसायन भसाभसा बाहेर टाकते, त्याने शेजारच्या पेशीही उत्तेजित होतात, कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो आणि पेशीची स्वतःचीच विकरे पेशी फाडायला लागतात. चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होते. म्हणजे मेंदू नुसता विझून जात नाही. मोठा खर्च वेळेत आवरता न आल्यामुळे तो कोसळतो.

ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवण्याची एक वाट आपल्या पेशींकडेही आहे. ग्लुकोजचा रेणू अर्धवट फोडायचा आणि मिळेल ते एटीपी पदरात पाडून घ्यायचे. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागे सुमारे 30 एटीपी मिळतात, या वाटेने फक्त दोन. वर लॅक्टिक आम्ल साचते. चारशे मीटर जीव तोडून धावलेल्या खेळाडूच्या पायांत हेच चाललेले असते. ही वाट सर्व कणाधारी प्राण्यांकडे आहे, उंदराकडे आहे आणि माणसाकडेही आहे. म्हणून ऑक्सिजनविना तगणाऱ्या प्राण्यांकडे एखादी गुप्त, वेगळी ऊर्जा असते, ही समजूत मनातून काढून टाका. एखाद्या घराची मिळकत अचानक पंधराव्या हिश्श्यावर आली तर त्या घराला जे करावे लागेल, तेच हे प्राणी करतात. खर्च तातडीने आवरतात, साठवण पुरवून वापरतात. यापलीकडे त्यांना एक जास्तीची अडचण सोडवावी लागते. साचत जाणाऱ्या आम्लाचे काय करायचे? माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म या शेवटच्या प्रश्नात आहे, आणि लोकप्रिय लेखनात नेमका तोच प्रश्न मागे पडतो.

लुई पाश्चरने 1861 मध्ये असे सूक्ष्मजीव दाखवले, की जे हवेविना वाढतात आणि ज्यांना ऑक्सिजनच मारक ठरतो. हवेविना जीवन असते, हे तेव्हापासून मान्य झाले. पण ते सूक्ष्मजीवांपुरते. माशाकडे त्या नजरेने पाहायला पुढे जवळपास शंभर वर्षे जावी लागली.

तो मासा म्हणजे क्रुशन कार्प. नॉर्वेत त्याला कारुस म्हणतात. उत्तर युरोपातल्या लहानलहान तळ्यांत तो राहतो. हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचा जाड थर येतो, त्यावर हिम साठते. उजेड आत जात नाही, त्यामुळे पाण्यातल्या वनस्पतींकडून ऑक्सिजन तयार होत नाही, आणि वरून हवाही मिसळत नाही. तळाशी कुजणारा पाला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतो. मग कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने, त्या पाण्यात ऑक्सिजन नसतोच. इतर मासे मरतात. क्रुशन कार्प वसंत ऋतूत बर्फ वितळेपर्यंत जिवंत राहतो. त्याला खाणारे मासे हिवाळ्यात मेलेले असल्याने अशा तळ्यात पुष्कळदा तो एकटाच नांदतो. एवढा त्रास सोसण्यातला त्याचा फायदा हा.

त्याची तयारी आधीपासून सुरू होते. उन्हाळ्यात खाऊन खाऊन तो यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात ग्लुकोज साठवतो. हिवाळ्याच्या तोंडाशी यकृताच्या वजनाचा जवळपास 30 टक्के हिस्सा हा साठा असू शकतो. दुसरी तयारी कल्ल्यांची. एरवी त्याच्या कल्ल्यांतल्या पातळ पाकळ्या पेशींच्या गठ्ठ्यांत बुजलेल्या असतात. पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊ लागला, की त्या मधल्या पेशी आपणहून मरतात, पाकळ्या उघड्या पडतात आणि कल्ल्यांचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात पट वाढते. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये हे दाखवले. पुन्हा भरपूर ऑक्सिजन मिळू लागला की पाकळ्या पुन्हा बुजतात. स्वतःचा श्वसनाचा अवयव गरजेप्रमाणे काही दिवसांत नव्याने घडवणारा प्राणी, एवढ्यावरच मी थक्क होतो.

पण हे सारे ऑक्सिजन थोडा तरी असेतोवर. तो शून्यावर आला की खरी करामत सुरू होते. मेंदूत, हृदयात, यकृतात ग्लुकोज अर्धवट फुटून लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचेच रूप, तयार होते, जसे ते आपल्यात होते. ते रक्तातून स्नायूंकडे जाते. तिथे त्याचे आधी पायरुव्हेट, मग ॲसिटाल्डिहाइड आणि शेवटी इथेनॉल होते. इथेनॉल म्हणजे दारूतले अल्कोहोल. अल्कोहोल आम्ल नाही, आणि ते पेशींच्या आवरणांतून सहज पार होते. कल्ल्यांपाशी पोचले की ते आपोआप पाण्यात निघून जाते. आम्ल साचण्याचा प्रश्नच मिटला! त्याचा नातेवाईक असलेल्या गोल्डफिशमध्ये हे 1980 मध्ये कॅनडातल्या शूब्रिज आणि होचाच्का यांनी उघड केले. 2017 मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या गटाने त्याचे मूळ शोधले. या माशांच्या पूर्वजात साधारण एक कोटी वर्षांपूर्वी सगळ्या जनुकसंचाची दुसरी प्रत तयार झाली. त्यामुळे पायरुव्हेट हाताळणाऱ्या विकरसंचाचेही दोन संच झाले. एक संच जुने काम करत राहिला. दुसऱ्यावर ती जबाबदारी नव्हती, तो बदलत गेला आणि ऑक्सिजन नसताना ॲसिटाल्डिहाइड बनवू लागला. हिवाळ्यात या माशाच्या रक्तात 100 मिलीलीटरमागे 50 मिलीग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळते. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा 30 मिलीग्रॅम आहे, म्हणजे प्रमाणाची कल्पना येईल.

या सोयीची किंमत मोठी आहे. अल्कोहोलमध्ये पुष्कळ ऊर्जा शिल्लक असते आणि मासा ती पाण्यात सोडून देतो. लॅक्टेट साठवले असते तर ऑक्सिजन परतल्यावर त्याचा पुन्हा वापर करता आला असता. अल्कोहोल गेले ते गेले. म्हणून त्याचा जगण्याचा काळ शेवटी यकृतातल्या साठ्यावर ठरतो. साठा संपला की मासा संपला. शिवाय लॅक्टेट स्नायूंपर्यंत आणि अल्कोहोल कल्ल्यांपर्यंत वाहून न्यायचे तर रक्त खेळते राहायला हवे. आठ अंश तापमानाला, ऑक्सिजन अजिबात नसताना, त्याचे हृदय पाच दिवस नेहमीइतकेच रक्त ढकलत राहते, असे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. खर्च तो दुसरीकडे कापतो. हालचाल मंदावते, आणि डोळ्यावर उजेड पडला तरी दृष्टिपटलातून आणि मेंदूच्या दृष्टिकेंद्रातून मिळणारा विद्युत प्रतिसाद जवळजवळ नाहीसा होतो. बर्फाखालच्या काळोखात दृष्टीचा उपयोग नसतोच, तेव्हा पहिली कात्री तिलाच लागते.

गोल्डफिशचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्याची ही ताकद थंड पाण्यातली आहे. आपल्याकडच्या उकाड्यात त्याच्या शरीराचा खर्च कैकपटीने वाढतो आणि तग धरण्याचा काळ झपाट्याने घटतो. काचेच्या छोट्या गोलात ठेवलेला गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो, ते खेळणे नसते. त्याला ऑक्सिजन कमी पडत असतो. घरात असा गोल असेल तर आजच मोठी टाकी आणि हवेचा पंप आणा.

दुसरा प्राणी उत्तर अमेरिकेतले रंगीत कासव. त्याचे उत्तर माशाच्या अगदी उलट आहे. हिवाळ्यात हे कासव तळ्याच्या तळाशी, चिखलात, तीन-चार अंशाच्या पाण्यात पडून राहते. वर बर्फ असल्याने श्वास घ्यायला येता येत नाही. ऱ्होड आयलंडमधल्या ब्राऊन विद्यापीठात डोनाल्ड जॅक्सन यांनी कित्येक दशके या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. ऑक्सिजन काढून टाकलेल्या तीन अंशाच्या पाण्यात त्यांची कासवे तीन महिन्यांहून अधिक काळ जिवंत राहिली.

कासवाला अल्कोहोल बनवता येत नाही. म्हणून ते सगळा भर खर्च कमी करण्यावर देते. थंडीमुळे खर्च आधीच उतरलेला असतो, ऑक्सिजन गेल्यावर तो आणखी सुमारे 90 टक्क्यांनी उतरतो. हृदयाचा ठोका दोन-तीन मिनिटांतून एखादा. आणि मेंदू? ज्या झिरपण्याबद्दल मी सुरुवातीला बोललो, त्यालाच कासव आळा घालते. चेतापेशींच्या आवरणातले काही दरवाजे अर्धवट मिटतात, मेंदूत शांत करणारे गाबा हे रसायन वाढते, पेशींचे संदेश पाठवणे जवळपास थांबते. झिरपणे कमी झाले म्हणून पंपांचे काम कमी, आणि पंपांचे काम कमी म्हणून थोडे एटीपीही पुरते. आपला मेंदू जिथे कोसळतो, नेमक्या त्याच जागी कासवाचा मेंदू सावरतो.

तरीही तीन महिन्यांत आम्ल साचणारच. जीव तोडून धावणाऱ्या माणसाच्या रक्तात लॅक्टेटचे प्रमाण लीटरमागे 20 मिलीमोलच्या आसपास जाते आणि तो धापा टाकत बसतो. या कासवांच्या रक्तात ते दीडशेच्या घरात जाते. एवढे आम्ल बहुतेक कणाधारी प्राण्यांना मारायला पुरेसे आहे. कासव वाचते ते त्याच्या कवचामुळे. कवच आणि हाडे मिळून त्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा होतो आणि त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट भरपूर असते. रक्त आम्लधर्मी होऊ लागले की कवचातून कार्बोनेट बाहेर पडते आणि आम्ल मारते. दुसरीकडे लॅक्टेट स्वतःच कवचात शिरून कॅल्शियमशी बांधले जाते. शरीरातल्या एकूण लॅक्टेटपैकी जवळपास निम्मे असे कवचात जाऊन बसलेले जॅक्सन यांना आढळले. वसंतात कासव वर येऊन श्वास घेते, तेव्हा ते लॅक्टेट हळूहळू बाहेर येते आणि पुन्हा वापरले जाते. जे कवच शत्रूपासून रक्षणासाठी आहे असे आपण बालपणापासून ऐकत आलो, त्याचा हा उपयोग कुणाच्या स्वप्नातही नव्हता. विज्ञानातल्या ज्या शोधांनी मला वैयक्तिक आनंद दिला, त्यांत हा फार वरचा आहे.

अशी उदाहरणे बघायला अमेरिकेला जायला हवे असे नाही. खाडीच्या चिखलातून तिसऱ्या काढणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ओहोटीला पाणी उतरले की तिसरी दोन्ही शिंपा घट्ट मिटून घेते, आणि मिटलेल्या शिंपांच्या आतला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो. टोपलीत भरून बाजारात आणली, वर ओले गोणपाट टाकले, तरी ती जिवंतच असते. विकणारी बाई उघडी तिसरी बोटाने टोचून पाहते. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकून दिली. मिटलेल्या अवस्थेत शिंपल्यांचे प्राणी आपला खर्च अगदी थोड्यावर आणतात आणि ग्लायकोजेन लॅक्टेटच्या ऐवजी सक्सिनेट आणि प्रोपिओनेट यांच्या वाटेने फोडतात. या वाटेने एटीपी थोडे जास्त मिळते. आणि आम्लाचे काय? अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका जातीच्या शिंपल्यात 1969 मध्ये दाखवले गेले, की शिंपा मिटलेल्या असताना त्यांचा आतला थर विरघळतो आणि आम्ल मारतो. कासवाचीच युक्ती, कासवाशी काहीही नाते नसलेल्या प्राण्यात.

पोटातल्या जंतांचे उदाहरण तर शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचे. दरवर्षी 10 फेब्रुवारीला शाळांमधून ज्यासाठी गोळी दिली जाते, तो गोल जंत आपल्या लहान आतड्यात जवळजवळ ऑक्सिजनविना राहतो. त्याच्या तंतुकणिका, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग, ऑक्सिजनच्या जागी फ्युमरेट वापरून काम भागवतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे माणसात नसलेले ऱ्होडोक्विनोन हे रसायन असते. आपल्यात नाही आणि जंतात आहे, म्हणून नव्या औषधांसाठी संशोधकांची नजर त्याच्यावर आहे. याहून पुढे गेलेला एक जीव 2020 मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी नोंदवला. साल्मन माशाच्या स्नायूंत राहणाऱ्या या परजीवीच्या तंतुकणिकांमध्ये त्यांचा स्वतःचा जनुकसंचच उरलेला नाही. ऑक्सिजनवर श्वसन करण्याची यंत्रणाच त्याने टाकून दिली आहे.

सस्तन प्राण्यांत असे काही नाही, असे बराच काळ वाटत होते. पूर्व आफ्रिकेतल्या बिळांत दाटीवाटीने राहणाऱ्या बिनकेसाच्या उंदरांनी, म्हणजे नेकेड मोल रॅटनी, ते खोटे ठरवले. शिकागोचे थॉमस पार्क आणि बर्लिनचे गॅरी लेविन यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवले, की हा प्राणी शून्य ऑक्सिजनमध्ये 18 मिनिटे तगतो आणि हवा मिळताच उठून कामाला लागतो. साधा उंदीर तिथे मिनिटभरात मरतो. या काळात त्याचे हृदय मिनिटाला 200 ठोक्यांवरून 50 वर येते आणि मेंदू व हृदय ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोजवर चालतात. आम्ल वाढले की ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवरची एक पायरी अडते, फ्रुक्टोज तिच्या पुढे जाऊन मिळते. 18 मिनिटे म्हणजे कासवापुढे काहीच नाहीत. पण हा ऊबदार रक्ताच्या जगातला, आपल्या जवळचा प्राणी आहे.

आणखी एक संकट उरते, ते म्हणजे ऑक्सिजन परत येण्याचे. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडल्यावर स्नायूला पुन्हा इजा होते, हे डॉक्टरांना जुने माहीत आहे. ऑक्सिजन नसताना साचलेले सक्सिनेट, तो परतताच भराभर जळते आणि त्यातून घातक, अतिक्रियाशील ऑक्सिजनचे रेणू सुटतात, असे केंब्रिजच्या गटाने 2014 मध्ये उंदरांत दाखवले. रंगीत कासवाच्या हृदयात ही इजा होत नाही. दर वसंतात ते श्वास घेते आणि पोहायला लागते. पक्षाघात, हृदयविकार, प्रत्यारोपणासाठी काढलेले अवयव टिकवणे, या सगळ्यांशी याचा संबंध आहे. पण उद्या माणसाला कासवासारखे करता येईल, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. कासवाचे शहाणपण एका रसायनात नाही. मेंदू, हृदय, यकृत, कवच आणि थंडी, सगळ्यांचा मेळ बसून ते घडलेले आहे. गोळीत भरून ते देता येणार नाही. आपल्या पेशी कोणत्या क्षणी आणि कोणत्या जागी हरतात, हे मात्र त्याच्यामुळे नेमके कळते, आणि उपचार तिथूनच सुरू होतात.

आता आपल्या समुद्राकडे येतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या दरम्यान ऑक्सिजन अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा अजस्र थर आहे. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या थरांपैकी तो एक. 1933-34 मध्ये ‘मबाहिस’ जहाजावरून झालेल्या जॉन मरे मोहिमेला अरबी समुद्राच्या तळाचे काही पट्टे जवळजवळ निर्जीव आढळले होते. आणि हा प्रश्न फक्त खोल समुद्रातला नाही. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खालचे ऑक्सिजन कमी असलेले पाणी उथळ भागावर चढून येते. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर बसतो, त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. प्लवकांचा गाळ तळाशी कुजून उरलेला ऑक्सिजन खातो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत कित्येक ठिकाणी तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन पूर्ण संपतो आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटते. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये हा प्रकार जगापुढे मांडला. कांदोळीसमोरच्या समुद्रात ही संस्था 1997 पासून त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाण्याच्या नोंदी घेत आली आहे. समुद्र तापतो तसा त्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो, आणि शेतातून व शहरांतून वाहून जाणारी खते व सांडपाणी कुजण्याला खाद्य पुरवतात. म्हणून हे पाणी पुढेही असेच राहील, असे धरून चालता येणार नाही.

नॉर्वेतल्या तळ्याला बर्फ झाकते, आपल्या समुद्राला पावसाचे पाणी. तिथला मासा आणि अमेरिकेतले कासव यांच्याविषयी आपण एवढे बोलू शकलो, कारण तिथल्या माणसांनी आपल्या अंगणातल्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या हात घातला. आपल्या समुद्रतळाच्या चिखलातले कृमी, शिंपले, खेकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात कुठे जातात, कोण मरते, कोण खर्च आवरून बसते, कोण शिंपा विरघळवते, हे किनाऱ्यावरच्या दर तालुक्याने आपापल्या पाण्यापुरते मोजायला हवे. या सभागृहात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांचे प्राध्यापक आहेत आणि रोज समुद्रावर जाणारी माणसेही आहेत. त्या सर्वांना माझी विनंती आहे. येत्या सप्टेंबरात होडीतून थोडे बाहेर जा, पाण्याचे तापमान आणि त्यातला ऑक्सिजन मोजा, तळाचा चिखल वर काढून चाळा, त्यात जिवंत काय आहे ते ओळखून लिहून ठेवा. ऑक्टोबरात आणि डिसेंबरात त्याच जागी पुन्हा जा. आणि पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून ते आकडे आम्हाला सांगा.